ओट्यावरची सात ताटं

आमच्या कामगार संघटनेला बायकांचा एक मसाला-पापड गट काढायचा आहे. गट चालवायचा म्हणजे धंदा करायचा, आणि धंद्यातलं आमच्यात कुणालाच काही कळत नाही. म्हणून ठरलं, की सोप्या भाषेत एक सोळा पानी पुस्तिका काढावी. निर्णय कसा घ्यावा, गिऱ्हाईक कसं टिकवावं, समोर दुसरं दुकान उघडलं तर काय करावं. लिहिणार कोण? पत्रकं लिहितो तो. म्हणजे मी.

तयारी म्हणून मला एका व्याख्यानाला पाठवलं. रिंगरोडवरचं थंडगार सभागृह, टाय लावलेला पाहुणा, समोर कापडबाजारातले दलाल आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलं. पाहुणा म्हणाला, पुढारी कोण, तर जो झटकन निर्णय घेतो आणि मग मागे वळून बघत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि लगेच खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला. मी एकदा झटकन निर्णय घेतलेला आहे. त्या निर्णयात माझ्या मायची खानावळ बुडाली. मागे वळून बघायचं नाही, हा सल्ला त्या टायवाल्याने स्वतःच्या घरी वापरून बघावा.

पुस्तिकेत हे लिहिता येणार नाही. तिथे माझ्या घरचं रडगाणं कोण छापणार? म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहितोय.

आमची खानावळ सुरतेतल्या बमरोलीत होती. पुढे ओटा, आत एक लांबोडकी खोली, मागे चूल. वडील पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या, होते. छातीचं दुखणं झालं, खोकत खोकत गेले. दहावं-बारावं करून माय गावाहून परत आली ती मला घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी तिने चूल पेटवली. आपल्या दोघांपुरती नाही, मोठी. वडिलांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारे एक गृहस्थ होते, आमच्याच तालुक्यातले. त्यांना सगळे आबा म्हणत. ते त्या दिवशी भेटायला म्हणून आले आणि पिशवीतून स्वतःचं स्टीलचं ताट काढून मायसमोर ठेवलं. म्हणाले, "वहिनी, हाई ताट आठेच राहू द्या. दोन टाइम जेवाले येत जासू." ताट इथेच राहू द्या, दोन वेळ जेवायला येत जाईन.

खानावळीचं पहिलं गिऱ्हाईक असं आलं. मायने पाटी लावली नाही, कुणाला बोलावलं नाही. आबांचं बघून दुसरा आला, दुसऱ्याचं बघून तिसरा. सगळे खानदेशातले, बायको-पोरं गावाकडे, इथे एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपणारे. प्रत्येक जण आपापलं ताट घेऊन आला. आपल्याकडे लग्नात भांडी देतात ना, त्यातलं ताट. कडेला बारीक टिंबांनी कोरलेलं नाव. कुणाचं स्वतःचं, कुणाचं सासऱ्याचं, एकाचं तर आत्याचं. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर ही ताटं उभी रांगेत. ज्याची जागा जिथे, ताट धुऊन तिथेच.

याच्यातून एक रीत पडली. कुणी ठरवली नव्हती, पण सगळे पाळायचे. माणूस गावी गेला, महिना लागो की दोन महिने, त्याचं ताट फळीवरच राहायचं. माय आठवड्यातून एकदा ते उतरवून पुसायची, परत ठेवायची. म्हणजे तुझी जागा आहे, तू ये. कुणाला कायमचं जायचं असेल तर तो स्वतः म्हणायचा, "वहिनी, मनं ताट द्या." ते मागणं म्हणजे निरोप. मायच्या हाताने, पुसून, त्यात थोडी चटणी बांधून ताट दिलं जायचं. न मागता कुणाचंही ताट उतरलं नाही. एकदाच उतरलं. एक तरुण पोरगा अपघातात गेला तेव्हा. ते ताट माय स्वतः नंदुरबारच्या गाडीत बसून त्याच्या आईला देऊन आली.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली. लोक मिळेल त्या गाडीने पळाले. खानावळीत जेवणारी आमची अठराही माणसं गेली, कुणालाच ताट न्यायचं सुचलं नाही. आम्हीसुद्धा मायच्या माहेरी गेलो. पण शहर उघडल्याचं कळताच माय निघाली, तिचा भाऊ नको नको म्हणत होता तरी. आम्ही आलो तेव्हा गल्लीत कुत्रं नव्हतं. तिने दार उघडलं, झाडलं, आणि अठरा ताटं एकेक करून गरम पाण्याने धुतली. मी विचारलं, कोण येणार आहे जेवायला? ती म्हणाली, "येतीन." आठवडाभराने आबा आले, मग एकेक करून सगळे. आत आल्यावर प्रत्येकाची नजर आधी फळीवर जायची. आपलं ताट दिसलं की माणूस चप्पल काढायचा.

गिऱ्हाईक टिकवणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं उत्तर एवढंच आहे. त्या वेळी मला ते उत्तर आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मी तेव्हा बारावी नापास होऊन संघटनेत जायला लागलो होतो आणि मला सगळ्या जगाची उत्तरं पाठ होती.

दोन वर्षांनी समोर दुसरी खानावळ उघडली. गल्लीच्या पलीकडे, बरोबर आमच्या दारासमोर. मालक मराठवाड्यातला, आधी लूमवर जॉबर, म्हणजे मुकादमासारखा, होता. आडदांड शरीर, गोड बोलणं, सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याने टेबल-खुर्च्या मांडल्या, पंखा लावला, भिंतीत टीव्ही बसवला. रविवारी गोड. मी संतापलो. मायला म्हटलं, आपणही रविवारी गोड करू, ओट्यावर बाकडं टाकू, निदान पाटी तरी लावू. मी पाटीचा मजकूरही लिहून ठेवला होता.

मायने तो कागद चुलीवरचं पातेलं उतरवायला धरला.

आणि पुढचं ऐका. मामाच्या उद्घाटनाच्या दिवशी, लोक टेबलाला बसलेले, आणि त्याचा भाकरीचा तवा तडकला. तो तसाच पिठाच्या हातांनी आमच्या ओट्याशी आला. "ताई, लई पंचाईत झाली बघा. मानसं बसल्यात." मायने आपला दुसरा तवा, मोठा, बिडाचा, त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मी भांडलो. म्हटलं, तो आपल्या पोटावर पाय द्यायला बसलाय आणि तू त्याला तवा देतेस?

"त्याना मानसं उपाशी राहतीन," ती म्हणाली.

"राहू दे ना. आपल्याकडे येतील."

"उपाशी मानूस रागमा येस. त्याले काय वाढशी?" मग परात ओढून, "तू तुनं पत्रक लिख. भाकर मी देखस."

मामाकडे गर्दी झाली, खोटं कशाला बोलू. पण आमच्या अठरांतला एकही गेला नाही. आबा तर टीव्ही बघायला जायचे मामाकडे, चहा प्यायचे, आणि जेवायच्या वेळी उठून आमच्याकडे यायचे. मामा हसून म्हणायचा, "आबा, खुर्ची माझी झिजवता अन् भाकरी तिकडं खाता." आबा म्हणायचे, "ताट तठे शे ना, भाऊ."

आता आबांच्या हाताबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यानंतर चारेक वर्षांनी त्यांचा उजवा हात कापड सुकवायच्या मशीनच्या रोलरमध्ये गेला. तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. त्या दोघांत ते भाकरीचा तुकडा चिमटीसारखा धरायचे. मिलने त्यांना काढलं नाही, लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसवलं. मी त्या हातावर पत्रक लिहिलं. 'ही तीन बोटं कोणी खाल्ली?' हा मथळा. माझं पहिलं गाजलेलं पत्रक. पांडेसऱ्यापासून भेस्तानपर्यंत चहाच्या गाड्यांवर लोक वाचत होते. नाव नव्हतं, पण तीन बोटं गेलेला माणूस त्या मिलमध्ये एकच होता. आबांना मी विचारलं नव्हतं. त्यांना मिलमध्ये बोलावून घेतलं, दम दिला, टेबलावरून काढायची भाषा झाली. आबा संध्याकाळी जेवायला आले, ताटावर बसले आणि मला एवढंच म्हणाले, "झकास लिखंस रे भाऊ. पन मना हात मना शे."

पण माझा हात माझा आहे. मी हसलो होतो. मला ती शाबासकी वाटली.

पत्रकांची एक पद्धत असते. खाली सही कुणा एकाची नसते. 'आपले, सर्व कामगार' असं लिहायचं. मी एकट्याने संघटनेच्या कार्यालयात बसून, चहा पीत, हजार माणसांच्या नावाने लिहायचो. त्यातल्या किती जणांना विचारलेलं असायचं? कुणालाच नाही. पण मजकूर खरा होता ना, मग विचारायचं कशाला, असं मला वाटायचं. सवय लागते याची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या मिलमध्ये संप झाला. मागण्या साध्या होत्या. बारा तासांची पाळी कमी करा, रंगखात्यात हातमोजे द्या, प्यायला थंड पाणी द्या. आजही मला यात काही चूक वाटत नाही. आमच्या खानावळीतले सगळे अठरा त्याच मिलचे. पहिले तीन दिवस सगळे बाहेर होते. खानावळ म्हणजे संपाचं कार्यालयच झाली होती. माय म्हणायची, जेवताना भाषणं नकोत, घास अडकतो. तेवढं सोडलं तर तिची तक्रार नव्हती.

चौथ्या दिवशी सात जण मागच्या गेटने आत गेले. सातात आबा होते.

दुपारी आमच्याकडे बैठक बसली. अकरा जण, मी, आणि संघटनेतले माझ्याच वयाचे दोघे. संघटनेतला एक हिंदीत म्हणाला, "आज शाम को वो लोग यहीं खाने आएंगे. हमारे बाजू में बैठके." दुसरा आमच्यातलाच, रंगखात्यातला, म्हणाला, "त्येस्ना सोबत मी बसाव नही. त्या बसतीन तं मी उठसू." मग सगळे बोलायला लागले. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एकवीस वर्षांचा होतो. बारा-तेरा माणसं आपल्याकडे बघतात तेव्हा काय होतं, हे त्या टायवाल्याने सांगितलं नाही. आपण उंच झाल्यासारखं वाटतं.

माय घरी नव्हती. भाजी आणायला गेली होती, यायला संध्याकाळ होणार होती.

मी उठलो, फळीपाशी गेलो आणि सात ताटं उतरवली. नावं वाचून. आबांचं ताट पहिलं होतं, दाराकडून पहिलं, कडेला एक पोचा. हात थरथरला वगैरे लिहायला बरं वाटलं असतं. नाही थरथरला. सातही ताटं नेऊन ओट्यावर ठेवली, एकावर एक. बाहेर ऊन होतं, वरचं ताट चमकत होतं. आत कुणीतरी टाळी वाजवली. मग बाकीच्यांनी वाजवली नाही, म्हणून ती एकच टाळी राहिली. मला आजही ती एकटी ऐकू येते.

पाळी सुटल्यावर ते सात जण आले. दिवस अजून मावळला नव्हता. गल्लीत शिरताना आपसात काही बोलत होते, ओट्यावरचा ढीग दिसला तसे गप्प झाले. मी दारात उभा. एकाने आपलं ताट ओढून काढलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "धुयेल तरी शे का?" कुणी हसलं नाही. दुसऱ्याने मला आईवरून शिवी दिली, मग आतल्या चुलीकडे नजर गेली आणि स्वतःच ओशाळला.

आबांनी ताट उचललं नाही. ते खाली उभे, मी ओट्यावर. मान वर करून त्यांनी विचारलं, "तुनी मायनी सांगं का?"

मायने सांगितलं का.

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. मागे अकरा माणसं ऐकत होती, त्यांच्यासमोर 'मी ठरवलं, तिला माहीतही नाही' असं म्हणणं मला हलकं वाटलं. खानावळ तिची होती. तिच्या नावाशिवाय त्या निर्णयाला वजन नव्हतं. तर मी तिचं नाव खाली घातलं. 'आपले, सर्व कामगार' घालायचो तसंच.

आबांनी आणखी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग ताट उचलून डाव्या काखेत धरलं आणि वळले. गल्ली ओलांडायला पाच पावलं लागतात. समोर मामा दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने टाळ्या पिटल्या नाहीत, टोमणा मारला नाही. खुर्च्या ओढून दिल्या, ताटं घेतली आणि म्हणाला, "आन हिकडं, धुऊन देतो." त्याच रात्री त्याने भिंतीवर फळी ठोकली.

माय आली तेव्हा पिशवीत वांगी होती, मोठी, भरताची. तिने पिशवी टेकवली आणि फळीकडे बघितलं. दारापासून सात जागा रिकाम्या.

"भाऊ, ताटं कथा गयात?"

मी भाषण केलं. खरंच भाषण केलं, हात हलवून. एकी, गद्दारी, उद्याची पिढी. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "आबानंबी?" मी हो म्हटलं. ती चुलीशी गेली आणि वांगी भाजायला लागली. सगळी भाजली. अठरांची.

भरीत झाल्यावर तिने आधी आमच्या अकरांना वाढलं. मग एका पातेल्यात उरलेलं काढलं, पदर डोक्यावर घेतला आणि गल्ली ओलांडून मामाच्या दारात जाऊन उभी राहिली. गल्ली अरुंद, मला सगळं ऐकू येत होतं.

"या ताई," मामा म्हणाला.

"हाई यास्नासाठे करेल व्हतं," ती म्हणाली. यांच्यासाठी केलेलं होतं.

मघाचा शिवी देणारा आतून बोलला, "ताट बाहेर फेकानं आनि भरीत धाडानं. कोनती रीत शे हाई, वहिनी? तुम्हीच सांगं ना, आमनं ताट काढाले? तुमना पोऱ्या बोलना."

मी दाराच्या आत सरकलो. मला वाटलं, आता ती सांगणार. आता सांगेल, मला काही माहीत नव्हतं, पोराने केलं. आणि ते सात जण ताटं घेऊन परत येतील, आणि मी सगळ्यांसमोर उघडा पडेन. खरं सांगतो, त्या वेळी मला ताटं परत येण्यापेक्षा उघडं पडण्याची भीती जास्त होती.

ती काही बोलली नाही. पातेलं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती परत आली, हात धुतले आणि राहिलेल्या भाकरी थापायला बसली. मला जेवायला वाढलं. भरीत तिखट झालं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही.

संप नवव्या दिवशी मोडला. अकरांतले तिघे आठव्या दिवशी आत गेले, बाकीचे नवव्या. हातमोजे मिळाले नाहीत. पाण्याचा एक माठ मिळाला, त्यावर मी विजयाचं पत्रक काढलं, ते चहाच्या गाडीवर कुणी उचललंसुद्धा नाही.

आत जाण्याच्या दिवशी संध्याकाळी रंगखात्यातला तो आला, जो म्हणाला होता की त्यांच्या शेजारी बसणार नाही. ओट्यावरच थांबला. मला म्हणाला, "मी बी आज आत गयथू. आते मनं ताट तू काढशी, का मीच काढू?" बोलताना हसत होता, पण पाय आत टाकत नव्हता. मी म्हटलं, तसं काही नाही, ये, बस. तो बसला. जेवला. जेवताना दोनदा फळीकडे बघितलं. महिन्याभरात त्याने ताट मागून घेतलं.

माणसं चिडून गेली नाहीत, हे मला समजायला वेळ लागला. चिडली असती तर समजूत काढता आली असती. त्या फळीवरून न मागता ताट उतरू शकतं, एवढं त्यांना कळलं होतं. आधी गावाहून येताना ते निश्चिंत यायचे. आता प्रत्येकाला आपल्या हातून काय चूक झाली तर ताट ओट्यावर येईल, याचा हिशोब डोक्यात ठेवावा लागत होता. जेवताना कोण असला हिशोब ठेवेल? मामाकडे तो नव्हता. मामाने टीव्ही, पंखा, रविवारचं गोड एवढं सगळं करून आमचा एक माणूस ओढला नव्हता. मी दुपारच्या एका बैठकीत त्याला अठरा मिळवून दिले.

एकेक जण येऊन "वहिनी, मनं ताट द्या" म्हणत गेला. माय पुसून, चटणी बांधून देत गेली. दिवाळीपर्यंत फळीवर चार ताटं राहिली, संक्रांतीला दोन. शेवटच्या दोघांना तिने स्वतःच सांगितलं, की आता दोघांसाठी चूल पेटवणं परवडत नाही. फळी तिने काढली नाही. तिच्यावर डबे ठेवले.

ती बंद खोलीत बसून राहणारी बाई नव्हती. पण ते दोन महिने ती बसली. सकाळी सवयीने उठायची, पीठ घ्यायची, मग परातीकडे बघत राहायची. आम्हा दोघांना चार भाकरी लागायच्या. तिचा हात चारवर थांबायला शिकेना. उरलेल्या भाकरी ती गल्लीतल्या गाईला घालायची, आणि गाय खात असताना तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी संघटनेच्या कामाला बाहेर पडायचो. लवकर बाहेर पडायचो.

मग एक दिवस मामा ओट्याशी आला. हातात तो तवा. म्हणाला, "ताई, तवा परत द्यायचा राहिला व्हता. पर माझ्या स्वैपाक्याच्या भाकरी मानसं टाकून देत्यात. रागवू नका, एक इचारतो. तवा न्हेता, का तव्यासंगं तुम्हीच येता?"

माझ्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. मालकीण होती ती. मी तोंड उघडलं. मायने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं. ती आत गेली, पदर खोचून आली आणि मामाला म्हणाली, "तवा मनाजोडे द्या. तुम्ही वाकडा धरेल शे."

तेव्हापासून माय मामाकडे भाकरी करते. आता दोन वर्षं होतील. मी तिकडे जायचं टाळत असे. तिला न्यायला गेलो तरी गल्लीत उभा राहायचो. मामा हाक मारायचा, "अरं ये की पुढारी, बस." मी नको म्हणायचो.

त्या व्याख्यानाहून परत आलो त्या दिवशी गेलो. वही खिशातच होती. दुपारची जेवणं आटपत आलेली, शेवटच्या टेबलावर आबा एकटे. समोर त्यांचं ताट, कडेला पोचा असलेलं. ते अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत भाकरीचा तुकडा धरून दाळीत बुडवत होते. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची पायाने सरकवली.

मी बसलो. आत चुलीशी मायच्या हातांचा आवाज येत होता, थाप-थाप-थाप. मी हळू आवाजात म्हटलं, "आबा, त्या दिवशी मायने नव्हतं सांगितलं. मी खोटं बोललो."

आबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले.

"माले तव्हयच मालूम व्हतं," ते म्हणाले. "तुनी माय माले एकलाले रस्तामा भेटेल व्हती. गाडीवर वांगा लेत व्हती. बोलनी, आबा, आज भरीत करस, लवकर या."

म्हणजे ते ओट्याखाली उभे राहून मला विचारत होते, तेव्हा उत्तर त्यांच्याजवळ होतं.

"मग विचारलं कशाला?"

"तू नही म्हनशी, म्हनीसन."

मी नाही म्हणेन, म्हणून. मला एक संधी दिली होती त्यांनी, सगळ्यांसमोर, खाली उभं राहून. मी ती ओळखलीसुद्धा नाही.

"बाकीच्यांना का नाही सांगितलं? सगळे परत आले असते."

आबांनी ताटातला शेवटचा तुकडा फिरवून दाळ निपटली. "सांगनार व्हतू. तितलामा ती भरीत लिसन उनी. यास्नी तिले इचारं, ती गप ऱ्हायनी. तिनी तुले झाकं, भाऊ. तिनी झाकेल मी कसं उघडं करू?"

तिने झाकलेलं मी कसं उघडं करू.

माय बाहेर आली. हातात भाकरी, वाफ निघणारी. मला बघून थबकली, मग काही न विचारता फळीपाशी गेली. फळीवर नावांची ताटं उभी होती, आमचीच सगळी, थोड्या नव्या माणसांचीही. माझं ताट तिथे नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. खाली मामाची ताटं रचलेली असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, बिननावाची. त्यातलं एक तिने घेतलं, पदराने पुसलं, माझ्यासमोर ठेवलं आणि भाकरी वाढली.

मला का झाकलंस, हे मी तिला विचारू शकलो असतो. आबा उठून हात धुवायला गेले होते, आम्ही दोघंच होतो. ती उभी होती, मी जेवायला लागायची वाट बघत. मी विचारलं नाही. तिनेच विचारलं, "दाळ वाढू का?" मी म्हटलं, "हो."

मग तिने आबांचं ताट उचललं, मोरीवर नेऊन धुतलं आणि फळीवर त्याच्या जागी उभं केलं. दारापासून पहिलं.

पुस्तिकेचं 'निर्णय' हे पान अजून कोरं आहे. संघटनेतले विचारतात, किती दिवस लावणार.